विषाणूचा बर्फ, पाहुण्यांचं सरबत

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला फाटे फोडता येणार नाहीत. अकोल्याच्या प्रयोगशाळेत विषाणूची नळी ज्या बर्फात ठेवलेली होती, तो बर्फ मी काढून घेतला आणि त्याचं लिंबाचं सरबत करून पाहुण्यांना पाजलं. त्या सरबतापायी एक साधा काढा औषध ठरला, एका बाईच्या धडधाकट कोंबड्या सुरकुतलेली अंडी घालू लागल्या आणि ठपका त्या बाईवरच आला. तो आला तेव्हा मी तिथेच उभा होतो. बोललो नाही. सरबताची गोष्ट सांगितली की लोक हसतात, मीही हसतो. न बोलण्याचं मात्र अजून हसू आलेलं नाही.

साठचं दशक संपत आलं होतं. मी अमरावतीचा, राजापेठेतला. पदवी घेऊन अकोल्यात पशुपक्ष्यांच्या रोगांच्या एका छोट्या सरकारी प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून लागलो होतो आणि जठारपेठेत खोली घेऊन राहत होतो. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा चालत नसे आणि मी दिवसभर अंडी हाताळायचो. आईला सांगितलं होतं, की औषधांच्या परीक्षेचं काम आहे. एकदा धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात तिला कवचाचा तुकडा सापडला.

"हे काय रे?"

"खडू."

आईने त्या खडूने उंबऱ्यावर रेघ ओढून पाहिली. उमटली नाही. "सरकारी दिसतोय," असं म्हणून तिने तो फेकून दिला.

आमचे साहेब पुण्याचे. उंच, सडपातळ, भर उन्हाळ्यातही सदऱ्याचं वरचं बटण लावणारे. त्यांनी एकच रोग धरून ठेवला होता. कोंबड्यांना खोकला येतो, श्वास घेताना छातीत घरघर होते, अंडी कमी होतात आणि होतात ती वेडीवाकडी. त्याचा विषाणू पुढे कोरोना या कुळात घातला गेला, कारण मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या भोवती मुकुटासारखी किनार दिसते. आमच्याकडे तसला सूक्ष्मदर्शक नव्हता. आम्ही त्याला 'खोकल्याचा विषाणू' म्हणायचो आणि आमचा शिपाई त्याला 'सायेबाचा पाहुना' म्हणायचा.

ज्या कोंबडीला हा रोग होऊन गेला असेल, तिच्या रक्तात विषाणूला अडवणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. ती आहेत की नाहीत हे पाहायची आमची रीत अशी होती. कोंबडीचं थोडं रक्त काढून गोठू द्यायचं. वर जे पिवळसर पाणी सुटतं त्यात विषाणू मिसळायचा आणि ते मिश्रण उबवत ठेवलेल्या अंड्यात बारीक सुईने सोडायचं. आठवड्याभराने अंडं फोडायचं. आतलं पिल्लू नीट वाढलेलं असलं, तर रक्तात प्रतिद्रव्यं आहेत. खुरटून, अंगाची गुंडाळी करून बसलेलं असलं, तर नाहीत. औषधांची परीक्षाही अशीच व्हायची, फक्त रक्तातल्या पाण्याऐवजी औषध वापरायचं. आणि दर वेळी काही अंड्यांत नुसता विषाणू सोडायचा. ही तुलनेची अंडी. ती पिल्लं खुरटलीच पाहिजेत. तीही धडधाकट निघाली, तर आपला विषाणूच मेलेला होता आणि सगळा प्रयोग वाया गेला, असं धरायचं.

रीत चोख होती. तिला अकोल्याचा मे महिना तेवढा ठाऊक नव्हता. अंडी उबवायचं आमचं यंत्र परदेशी होतं आणि ते गरम राहावं म्हणून त्यात बरीच हुशारी खर्च केलेली होती. मे महिन्यात खोलीच यंत्रापेक्षा जास्त तापायची. मग आम्ही त्या उबवण्याच्या यंत्राला ओली पोती गुंडाळायचो, खिडकीला वाळ्याचे ताटे लावायचो आणि शिपाई त्यांच्यावर पाणी मारत म्हणायचा, "सायेब, कोंबडी बी अशीच करते का? पोत्यात बसून आंघोळ?"

साहेबांना हसू आलं तरी ते तोंड फिरवून हसायचे.

त्याच सुमाराला त्यांनी गावात एक व्याख्यान दिलं आणि त्यात म्हणाले, की या विषाणूवर जगात कुठेही औषध नाही, आम्ही शोधत आहोत, कोणाला काही ठाऊक असल्यास कळवावं. शेवटचं वाक्य त्यांनी सौजन्य म्हणून म्हटलं होतं. अकोल्याने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून लोक बाटल्या घेऊन येऊ लागले. एका हकीमसाहेबांनी जोशांदा, म्हणजे त्यांचा युनानी काढा, आणला. तालमीतल्या वस्तादांनी लसणाचं तेल आणलं. लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार अर्धी बाटली रम घेऊन आले, ती टेबलावर ठेवून, "बाकीची अर्धी मी तपासली आहे," असं म्हणून गेले.

साहेब माणूस नियमाचा. आलेलं प्रत्येक औषध गाळायचं, जंतू मारून घ्यायचं आणि अंड्यात तपासायचं. सगळी नापास झाली. लसणाच्या तेलात तर विषाणूच्या आधी पिल्लूच गेलं. वस्ताद निकाल ऐकायला आले तेव्हा साहेब हळूच म्हणाले, "आपलं तेल फार ताकदवान आहे." वस्ताद खुशीत गेले.

अशा दिवसांत मावशी आल्या.

त्यांना मी मावशी म्हणायला लागलो ते नंतर. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या अमरावतीच्या एक बाई होत्या, चाळिशीच्या, ठेंगण्या, टोपलीत दोन पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या घेऊन आलेल्या. यजमान कचेरीत दप्तरी होते. घराच्या मागे मावशींनी जाळी ठोकून कोंबड्या पाळल्या होत्या आणि अमरावतीच्या एका दवाखान्यातल्या रोग्यांना रोजची अंडी त्याच पुरवायच्या. हे काम त्यांना सहज मिळालेलं नव्हतं. "बौद्धवाड्यातल्या बाईची अंडी दवाखान्यात कशी चालतीन," असं म्हणणारे होते. मावशींनी मेट्रनबाईंना घरी आणून जाळी, पाणी, खुराडं सगळं दाखवलं आणि काम घेतलं. आता दवाखान्याला अंडी जास्त हवी होती. कोंबड्या वाढवल्या नाहीत तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

"अंजनगाव सुर्जीचा एक जन त्याच्या कोंबड्या इकून राहिला," त्यांनी साहेबांना सांगितलं. "चांगल्या हायेत. पन मागं त्यायले खोकला झाला होता म्हनते. आता बऱ्या हायेत. त्या माह्या कोंबड्यायत आनू का नाई, तेवढं सांगा. माह्या कोंबड्यायले काई झालं त माहं दवाखान्याचं काम गेलं समजा."

असा नेमका प्रश्न घेऊन साहेबांकडे कधी कोणी आलं नव्हतं. ते खुर्चीतून उठलेच. "तुमच्या कोंबड्यांना पूर्वी हा रोग होऊन गेला असेल, तर धोका नाही. नसेल तर मोठा धोका आहे. रक्त तपासू."

रक्त काढताना मावशींना एसटीतल्या धुळीने खोकल्याची उबळ आली. त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि एक घोट घेतला. साहेबांनी विचारलं, काय आहे? अडुळसा, तुळस, सुंठ, मिरे आणि गूळ. साहेबांनी हात पुढे केला.

"सायेब, हे माह्या घशासाठी हाये. कोंबड्यायचं नाई."

"तपासायला काय हरकत आहे?"

"तपासा बापा. पन मी हे औषद हाये असं म्हनलं नाई. मंग मले नोका म्हनू."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणून लिहून ठेवतो.

दोनेक आठवड्यांनी त्या निकाल घ्यायला आल्या, त्या दिवशी यजमानही बरोबर होते. त्याच दिवशी त्यांच्या काढ्याची परीक्षा लावलेली होती. आमचा फ्रीज बंद पडला होता आणि दुरुस्तीचा माणूस नागपूरहून यायचा होता. त्यामुळे विषाणूची नळी तोंडाशी नीट बंद करून थर्मासमध्ये बर्फात ठेवली होती. सकाळी गारव्यात मी तुलनेची अंडी उरकली, म्हणजे नुसता विषाणू सोडला. काढ्याची अंडी दुपारी करायची होती. बर्फ कमी झाला म्हणून शिपाई सायकलवर बर्फाच्या कारखान्यात गेला होता.

साहेबांनी निकाल सांगितला. कोंबड्यांच्या रक्तात प्रतिद्रव्यं नाहीत, म्हणजे त्यांना हा रोग कधी झालेला नाही. अंजनगावच्या कोंबड्या आणू नयेत. खोकून बऱ्या झालेल्या कोंबड्याही विषाणू बाळगून असू शकतात. मावशींचा चेहरा पडला. "मंग वाढवू कुठून?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. साहेबांनाही वाईट वाटलं. ते मला म्हणाले, "अहो, पाहुणे उन्हाचे आले आहेत. काहीतरी थंड विचारा त्यांना."

आता इथे मला एक सांगावं लागेल. आमच्या घरी मागच्या दारी कोनाड्यात कानतुटका कप वेगळा ठेवलेला असायचा. कोणासाठी ते आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. कोणी बोलायचं नाही. मी शिकलो, चार पुस्तकं वाचली आणि त्या कपाची मला लाज वाटू लागली. कप काढून टाकण्याइतकी नाही, पण लाज. त्या दुपारी मावशी आणि त्यांचे यजमान समोर बसले आणि मला वाटलं, आज त्या कपाची भरपाई करायची. नुसतं माठातलं पाणी नाही. काचेचे चांगले पेले, लिंबू, साखर, मीठ आणि बर्फ.

बर्फ एकाच ठिकाणी होता.

मी विचार केला, शिपाई आत्ता येईल. नळी थर्मासमधून काढली, ॲल्युमिनियमच्या डबीत ठेवली आणि डबी खिडकीत, वाळ्याच्या ताट्याच्या ओलसर सावलीत. बर्फ धुतला, फोडला, सरबत केलं. इतकं चांगलं सरबत मी पुन्हा कधी केलं नाही.

"बापू, एवढं कशाले?" मावशी म्हणाल्या.

यजमान फार कमी बोलणारे होते. त्यांनी पेला रिकामा केला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून हाये का?"

उरलेला बर्फ त्यात गेला.

पाहुणे गेले. शिपाई आला नाही. साहेब म्हणाले, जरा गप्पा मारू, मग त्यांनी मला प्रतिद्रव्यांवर तासभर सांगितलं आणि मी भक्तिभावाने ऐकलं. शिपाई आला तेव्हा ऊन फिरलं होतं, ताटे वाळून कडक झाले होते आणि माझी डबी सरळ उन्हात होती. हाताला चटका बसला. शिपायाने सांगितलं, सायकल पंक्चर झाली. कुठलं चाक, असं विचारल्यावर त्याने दोन्ही चाकांकडे पाहिलं. खरं म्हणजे मे महिन्यात अकोल्यात बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकण्यासारखं सुख नाही आणि तो टेकला होता. पण त्याला मी काय बोलणार?

नळी पुन्हा बर्फात ठेवली. विषाणू दिसत तर नाहीच. मेलेला आणि जिवंत, दोन्ही नुसतं गढूळसर पाणी. नवीन कुपी फोडून पुन्हा सुरुवात करायला हवी होती. पण मग साहेबांना कारण सांगावं लागलं असतं. मी काढा मिसळला आणि अंड्यांत सुई घातली.

आठवड्याभराने आम्ही अंडी फोडली. तुलनेची पिल्लं ठरल्याप्रमाणे खुरटून गुंडाळी झालेली. काढ्याची अंडी फोडली तर पिल्लं एकजात धडधाकट, पाय ताणून बसलेली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग वरचं बटण काढलं. मी त्यांना ते बटण काढताना पहिल्यांदाच पाहिलं.

"अडुळसा," ते म्हणाले. "अडुळसा!"

शिपाई म्हणाला, "सायेब, माह्या सासऱ्याच्या वावरात लय हाये."

मला बर्फ आठवला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. आठवला. पण मी स्वतःला समजावलं, की थोड्या वेळाच्या उन्हाने असा काय फरक पडतो. साहेबांनी बजावलं, "कोणाला एक शब्द बोलायचा नाही. प्रयोग पुन्हा करू. मग बोलू." मी मान डोलावली, आणि रविवारी अमरावतीला घरी गेलो तेव्हा मावशींच्या दारात जाऊन उभा राहिलो. का गेलो? चांगली बातमी मीच सांगावी, असं वाटलं. त्या सरबताने मला चांगुलपणाची चटक लागली होती.

"मावशी, तुमचा काढा पास झाला."

मावशी निवडत असलेलं धान्य बाजूला सारून म्हणाल्या, "म्हंजे? कोंबड्यायले चालते?"

"विषाणूला अडवतो."

मग त्यांनी नेमकं विचारलं. त्यांची सवयच ती. "तर मंग अंजनगावच्या कोंबड्या आनू? काढा पाजला त आनू?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचा मला काही अधिकार नव्हता.

"आणा," मी म्हणालो.

त्यांनी आणल्या. पातेलं भरभरून काढा केला, कोंबड्यांच्या पाण्यात घातला. गल्लीतल्या बायका जाळीशी येऊन विचारायच्या, "काहून वं, आज कोंबड्यायची तब्येत कशी हाये? सुंठ जास्त त नाई झाली?" मावशी म्हणायच्या, "त्या तुमच्यापेक्षा कमी खोकलतात."

पावसाळा सुरू झाल्यावर साहेबांनी प्रयोग पुन्हा लावला. फ्रीज दुरुस्त झाला होता. सगळी पिल्लं गुंडाळी झालेली निघाली, तुलनेची आणि काढ्याची, ओळखू न येण्याइतकी सारखी. साहेबांचं वरचं बटण पुन्हा लागलं. आणि त्याच आठवड्यात मावशी आल्या. टोपलीत या वेळी कोंबड्या नव्हत्या, अंडी होती. त्यांनी ती एकेक करून टेबलावर मांडली. एकावर वळ्या पडलेल्या, एक टोकाला चपटं, एकाचं कवच इतकं पातळ की बोट लावलं तर दबत होतं, एक तर भाजलेल्या वांग्यासारखं दिसत होतं.

"सायेब, दवाखान्यातले रोगी म्हनून राहिले, आमी आंधीच बिमार, अंडी त धड द्या. मेट्रनबाईनं काम बंद केलं. लोक म्हनतात, हिनं कोंबड्यायले काय काय पाजलं."

साहेब चिडले होते ते स्वतःवर. निघालं दुसऱ्यावर. "तुम्हाला नवीन कोंबड्या आणू नका म्हणून सांगितलं होतं. कोणाला विचारून आणल्यात?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

मी विषाणूच्या कुप्या मोजत होतो. म्हणजे मोजत असल्यासारखं करत होतो.

"आणि बाई," साहेब पुढे म्हणाले, "पहिल्या बाटलीत तुम्ही आणखी काहीतरी घातलं होतं. त्याशिवाय निकाल असा उलटा येणार नाही. मला खरं सांगितलं असतंत, तर बरं झालं असतं."

"मी काई घातलं नाई, सायेब."

"मग पहिल्यांदा पिल्लं जगली कशी?"

याचं उत्तर त्या खोलीत फक्त माझ्याजवळ होतं. त्यांनी ती अंडी टोपलीत भरायला घेतली. साहेब म्हणाले, "ती राहू द्या, आम्हाला तपासायला लागतील." त्या तशाच रिकामी टोपली घेऊन गेल्या. त्यांच्या कोंबड्यांच्या रक्तात आता प्रतिद्रव्यं भरपूर असणार, असं साहेब म्हणाले. ती अंड्याच्या बलकातही उतरतात; तपासलं तर तसंच निघालं. आमच्या कामाला उत्तम.

सरबत करायला मला मोठा उत्साह होता. तोंड उघडायला नव्हता.

पुढचे काही महिने मी अमरावतीला जायचो तो एसटीतून एक थांबा आधी उतरून, लांबचा फेरा घेऊन घरी. एकदा बाजारात मावशींचे यजमान समोरून आले. मी फळांच्या गाडीमागे खाली बसलो आणि चपलेचा अंगठा बघू लागलो. यजमान थांबले, गाडीवाल्याकडून संत्री घेतली आणि वाकून मला म्हणाले, "अंगठ्याले खिळा ठोकून घ्या." मग गेले. मी घरी गेलो आणि जेवलो नाही. आईला वाटलं, अकोल्याचं पाणी बाधलं.

शेवटी एका सकाळी मी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सरबत, डबी, ऊन, 'आणा'. वाटलं होतं, नोकरी जाईल. साहेब आधी गोरेमोरे झाले.

"तो बर्फ तुम्ही पाहुण्यांना पाजलात?"

"धुऊन घेतला होता, साहेब."

"नशीब, हा विषाणू माणसांना लागत नाही. डबी किती तापली होती?"

"चटका बसला."

"चटका!" त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "म्हणजे आपला विषाणू अकोल्याच्या उन्हात मरतो. अहो, हा स्वतंत्र प्रयोग झाला!" ते कागद घेऊन बसलेसुद्धा. मग पेन्सिल खाली ठेवली. "मी त्या बाईंना खोटं ठरवलं." ते खुर्चीतून उठले. "मी त्यांना भेटणारच आहे. पण आधी तुम्ही जा. आजच जा."

मावशी अंगणात जाळीशी होत्या. मला पाहून त्यांनी 'ये' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. मी उभ्या उभ्या बर्फाची सगळी गोष्ट सांगितली.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मले मालूम होतं, मी काई घातलं नाई. तू मले सांगून काय फायदा? ज्यायले मालूम नाई त्यायले सांग." आणि डोक्यावरचा पदर सारखा करून निघाल्या. मी मागोमाग.

दवाखान्याच्या स्वयंपाकघरासमोरच्या ओसरीत मेट्रनबाई दुधाचं माप पाहत होत्या. आजूबाजूला रोग्यांचे नातेवाईक डबे घेऊन उभे. मावशी म्हणाल्या, "हा लॅबोट्रीतला. बोल."

मी बोललो. मला थोडक्यात बोलता येत नाही, हे इथवर वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेलच. विषाणू म्हणजे काय, प्रतिद्रव्यं म्हणजे काय, तुलनेची अंडी कशाला असतात, बर्फ का लागतो, सायकल कशी पंक्चर झाली. नातेवाईक जवळ सरकले. एक म्हातारा म्हणाला, "पोट्टा शिकेल दिसते." स्वयंपाकीण झारा हातात घेऊन दारात आली.

मेट्रनबाईंनी हात वर केला. "रुको. बाईने अंड्यात काही मिलावट केली?"

"नाही."

"कोंबडीला जहर दिलं?"

"नाही, काढा. तोही माझ्या सांगण्यावरून. त्या कोंबड्याही माझ्या सांगण्यावरून आणल्या."

"मग चूक कोणाची?"

"माझी. मी बर्फ काढला."

"सरबतासाठी?"

"हो."

स्वयंपाकीण फस्सकन हसली आणि मग सगळेच हसले. मेट्रनबाईसुद्धा. हसू आवरून त्या मावशींना म्हणाल्या, "बाई, ज्या कोंबड्या सीधा अंडा देतात, त्यांची अंडी उद्यापासून आण. टेढी नको. नवीन कोंबड्या केल्या की पूरा काम तुझं."

मावशींनी मान हलवली. काही कोंबड्या सुधारल्या होत्या, काही कायमच्या वाकड्यावर गेल्या होत्या. तरी काम परत आलं होतं. मला वाटलं, झालं. मोकळा झालो. मी घाम पुसला आणि मावशींकडे बघून हसलोसुद्धा.

त्या हसल्या नाहीत.

"बापू," त्या म्हणाल्या, "तू अर्धा घंटा बोलून राहिला. त्यात बर्फ होता, ऊन होतं, तुमचा तो इषाणू होता, सायकलचं पंक्चर बी होतं. मी कुठं होती त्यात? त्या दिवशी सायेब मले खोटी म्हनून राहिले होते तवा मी तुह्याकडं पाहिलं. नाव नाई घेतलं तुहं. म्हनलं, हा बोलन. आता बोलन, मंग बोलन."

म्हाताऱ्याने डब्याचं झाकण लावलं.

मला पुन्हा कारणं सुचायला लागली होती. एक तर अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"मावशी," मी म्हणालो, "तुम्ही खऱ्या आहात हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. भ्यालो. माझं चुकलं. मला माफ करा."